इंजिनाच्या खिडकीतला डाग

याकूब,

तुझ्या आईला मी पुसून टाकलं, हे मला तू गेल्यावर चाळिसाव्या दिवशी कळलं.

पुसलं म्हणजे माउसनं. उजव्या हाताच्या एका बोटानं, डाव्या हातात चहाचा कप धरून. फार तर पाच मिनिटांचं काम. तुला नेऊन दाखवलं तेव्हा तू बराच वेळ फोटोकडे पाहिलंस आणि म्हणालास, "बरं केलं." ते मी कौतुक समजलो. चौदा महिने ते कौतुक खिशात घालून हिंडलो. बुलढाण्यात ज्याला त्याला सांगितलं, की ज्यानं अर्ध्या जिल्ह्याचे नवरा-नवरी रंगवले तो माणूस मला बरं केलं म्हणाला.

तू म्हणशील, काऊन बे दिग्या, पहिल्याच ओळीत रडून राह्यला? पहिले गोष्ट तर सांग. सांगतो. तुझ्यासमोर गोष्ट सांगताना दोन-चार थापा घालायची मला सवय आहे. आज घालणार नाही. थाप पकडणारा माणूसच उठून गेला, आता थापेत काय मजा?

तू मलकापूरला आमच्या शाळेत पाचवीत आलास. भुसावळहून, मामाकडे राहायला. वडील रेल्वेत फायरमन, इंजिनात कोळसा टाकतात, एवढं सांगितलंस. आई नाही, एवढंही सांगितलंस. त्या 'नाही'च्या पुढं काही विचारावं एवढी अक्कल मला तेव्हा नव्हती. पुढं अक्कल आली तेव्हा वाटलं, आता फार उशीर झाला, आता काय विचारायचं. साठ वर्षांची दोस्ती, त्यात माझ्या आईचा विषय रोज. तिच्या हातची भाकरी आणि ठेचा माझ्याहून तू जास्त खाल्लास. तुझ्या आईबद्दल मात्र आपल्यात एक वाक्य झालं नाही.

मॅट्रिकला तू दोनदा आपटलास आणि स्टेशनाजवळच्या फोटो स्टुडिओत लागलास. मी एकदाच आपटलो, म्हणून मास्तर झालो. बुलढाण्याला भूगोल शिकवू लागलो आणि रविवारी एसटीनं घाट उतरून तुझ्याकडे येऊ लागलो.

तेव्हा फोटो काळेपांढरेच निघत. ज्यांना रंगीत पाहिजे त्यांचे तू हातानं रंगवायचास. तुझ्याजवळ रंगाची एक छोटी वही होती, दर पानावर एक वाळलेला रंग. पानाचा नखाएवढा तुकडा फाडायचा, बशीतल्या पाण्यात सोडायचा, की पाणी रंगीत. बारीक कुंचला त्यात बुडवायचा, जिभेवर त्याचं टोक करायचं आणि फोटोवरून हलकेच फिरवायचा. टोक जिभेवरच होते, फडक्यावर होत नाही, हे तुझं ठाम मत. त्यामुळे दिवसभराचं काम संध्याकाळी तुझ्या जिभेवर उतरलेलं असायचं. मी स्टुडिओत पाऊल टाकल्या टाकल्या म्हणायचो, "दाखव." तू गिऱ्हाईक बसलेलं असलं तरी जीभ काढायचास. गुलाबी दिसली की नवरी, पिवळी दिसली की हळद, हिरवी दिसली की कोणाचा तरी शालू. गिऱ्हाईक बिचारं आपल्या दोघांकडे आळीपाळीनं पाहायचं.

एकदा तू तापानं फणफणला होतास आणि एका लग्नाचे फोटो दुसऱ्या दिवशी द्यायचे होते. मी म्हटलं, त्यात काय, आण इकडे. नकाशे रंगवण्यात माझा हात धरणारा जिल्ह्यात नव्हता. मी नवरदेवाचे ओठ असे काही रंगवले, की तो नाटकातल्या नटीसारखा दिसायला लागला. सकाळी वरपक्ष आला. मी काउंटरखाली वाकून बुटाची नाडी बांधत बसलो. पायात चप्पल होती. नवरदेवाच्या काकांनी फोटो उजेडात धरला आणि विचारलं, हे काय? तू ब्लँकेट पांघरून खुर्चीत बसला होतास. तापलेल्या आवाजात म्हणालास, "जेवणानंतरचा फोटो आहे. पान खाल्लेलं दिसते." काका खूश होऊन गेले. जाताना म्हणाले, पानाचा रंग पण पकडला, वा.

माझ्या चुका झाकायची सवय तुला तेव्हापासून. हे मला आता सुचतंय.

तुझा एक नेम होता आणि त्याच्यावरून आपलं आयुष्यभर भांडण. तू विचारल्याशिवाय रंग लावायचा नाहीस. साडीचा काठ कोणता, फेट्याचा रंग कोणता, डोळे काळे की घारे, सगळं एका कागदावर लिहून घ्यायचास. जळगाव जामोदहून एक बाई नवऱ्याचा फोटो घेऊन आल्या होत्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. तू फेट्याचा रंग विचारलास, त्यांना आठवेना. मी शेजारून म्हटलं, लाव ना केशरी, कोणाला कळते? तू माझ्याकडे पाहिलंही नाहीस. त्यांना म्हणालास, "घाई नाही ताई. विचारून या कोणाले." त्या पंधरा दिवसांनी परत आल्या. नणंदेला विचारून आल्या होत्या. फेटा मोरपंखी होता. सांगतानाच त्या रडायला लागल्या, की इतके दिवस मला आठवलाच कसा नाही. तू त्यांना पाणी दिलंस आणि कामाला लागलास.

माझं म्हणणं, रंग शोभला की झालं. तुझं म्हणणं, "शोभा करायची तं रांगोळी काढ. हा कोणाचा तरी माणूस आहे बे."

मग रंगीत फिल्म आली, मग मोबाइल आला. स्टुडिओ बंद करून तू धामणगाव बढ्याला लेकीकडे, शबानाकडे राहायला गेलास. इकडे मी रिटायर झालो आणि पोरानं पुण्याहून त्याचा जुना कॉम्प्युटर पाठवला. त्यात जुने फोटो रंगवायचा एक प्रोग्राम होता. मला वाटलं, चला, आता याकूबची गादी आपण चालवू.

आणि मला इंजिनांचं वेड लागलं. ज्या गावाला रेल्वे नाही त्या गावात बसून इंजिनं रंगवणारा मी एकटाच असेन. साधी इंजिनं नाहीत. वारा कापत जावं म्हणून ज्यांच्या अंगावर गुळगुळीत पत्रा चढवलेला असायचा ती वाफेची इंजिनं. परदेशातली माशासारखी, होडीसारखी, साबणाच्या वडीसारखी. आणि आपली ती, बंदुकीच्या गोळीसारख्या नाकाची, नाकावर चांदणी असलेली. लहानपणी मलकापूरच्या फलाटावर ती चांदणी दिसली की आपण कागदाची सुरळी नाकाला लावून घराकडे पळायचो. तुझे वडील तसल्याच इंजिनावर होते. मोबाइलवर अशा फोटोंचा एक ग्रुप सापडला आणि मी सुटलो.

पहिल्या फोटोत मी सगळं प्रोग्रामवरच सोपवलं. त्याला इंजिनाचं गोल नाक म्हणजे माणसाचा चेहरा वाटला. त्यानं त्याला छान गव्हाळ रंग दिला. मी त्याची प्रिंट काढून गुरुवारी तुझ्याकडे घेऊन आलो. तू चष्मा लावलास, काढलास, पुन्हा लावलास. म्हणालास, "याले कावीळ झाली दिग्या. डॉक्टरले दाखव." दुसऱ्या गुरुवारी मी परदेशातलं एक होडीसारखं इंजिन नेलं. त्याला माझ्या मनानं लाल रंग आणि पिवळा पट्टा दिला होता. तू विचारलंस, "हे मलकापूर डेपोचं का बे?" तुझी शबाना चहा घेऊन येत होती, तिच्या हातातली बशी हसण्यानं वाजायला लागली.

असे दर गुरुवार. बुलढाण्याहून सकाळची गाडी, मांडीवर पिशवीत इंजिन, तुझ्या ओट्यावर दोन खुर्च्या. मला आपल्या चांदणीवाल्या इंजिनाच्या रंगाचा शोध लागला होता. ग्रुपात कोणीतरी लिहिलं होतं, की त्यातली काही हिरवी होती. तू म्हणायचास काळी. काळीकुट्ट, वर काजळी.

"तू पाहिली होती का हिरवी?" तू विचारायचास.

"नाही. पण असतील ना."

"भूगोलाचा मास्तर तू. तुले सपाट दिसलं का हिरवं, अन् उंच दिसलं का भुरं."

आणि मग तुझं ते ठरलेलं वाक्य यायचं, काळ्यावर रंग चढत नाही. तुझ्या त्या वहीतले रंग पातळ, पाण्यासारखे. पांढऱ्यावर खुलायचे, करड्यावर जेमतेम दिसायचे, काळ्यावर दिसायचेच नाहीत. मी फुशारकीनं सांगायचो, कॉम्प्युटरवर चढतो. तू म्हणायचास, "चढत असन. टिकते का?"

हे भांडण अर्धंच राहिलं. मला ते संपवायचंही नव्हतं. भांडण संपलं असतं तर गुरुवारी घाट उतरायला निमित्त कोणतं सांगितलं असतं?

दोन पावसाळ्यांपूर्वीच्या एका गुरुवारी तू आतून बिस्किटाचा पत्र्याचा डबा आणलास. त्यातून बटर पेपरात गुंडाळलेला एक फोटो काढलास. तळहाताएवढा, पिवळा पडलेला. भुसावळच्या यार्डात चांदणीवालं इंजिन धुऊन पुसून उभं, पुढं तुझे अब्बा, कमरेवर हात, गळ्यात रुमाल. साठ वर्षांत हा फोटो तू मला कधी दाखवला नव्हतास. मी म्हटलं, अरे, हा कुठं लपवून ठेवला होतास? तू फोटो माझ्या हातात दिलास, पण सोडला नाहीस. तुझी दोन बोटं आणि माझी दोन बोटं यांच्या मधे तो थोडा वेळ राहिला.

"सावकाश पाह्य दिग्या," तू म्हणालास. "घाई नको करू."

मी हो हो म्हटलं. एसटीत बसलो तेव्हाच मनात इंजिनाला हिरवा रंग देऊन मोकळा झालो होतो.

घरी येऊन भिंगातून पाहिलं. इंजिनाच्या मागच्या अंगाला, जिथं ड्रायव्हर आणि फायरमन उभे राहतात तिथल्या खिडकीत, एक फिकट जांभळा डाग होता. नखाच्या कातरणाएवढा. आता माझी हुशारी ऐक. मी विचार केला: रेल्वेतली माणसं पूर्वी जांभळी कॉपिंग पेन्सिल वापरत, जिभेला लावली की शाईसारखी उमटणारी. म्हणजे कोणा गार्डच्या पेन्सिलीचा हा डाग. माझ्या या शोधावर मी इतका खूश झालो, की बायकोला हाक मारून दाखवला. कुसुम म्हणाली, मला तर काहीतरी कपडा वाटते. मी म्हटलं, तुला सगळीकडे कपडेच दिसतात.

आमच्या या कामाची एक रीत आहे. जुना फोटो रंगवायचा तर आधी त्यातला असलेला रंग काढून टाकायचा. कागद पिवळा पडलेला असतो, डाग असतात, ते सगळं जावं म्हणून फोटो आधी साफ करडा करायचा आणि मग वरून नवे रंग भरायचे. मी तेच केलं. तुझ्या फोटोत एकच रंग होता, तो पहिल्या फटक्यात घालवला. मग खिडकीतली फिकट खूण उरली, तिच्यावर शेजारचा काळोख ओढून घेतला. खिडकी स्वच्छ. मग इंजिन हिरवं केलं, चांदणी रुपेरी केली, अब्बांचा रुमाल लाल केला. विचारलं कोणाला? कोणालाच नाही.

ईदला मोठी प्रिंट काढून, फ्रेम करून घेऊन आलो. फोटो तुला दाखवला आणि शिकवल्यासारखं सांगितलं, की बघ, खिडकीत एक पेन्सिलीचा डाग होता, तो पण काढून टाकला.

तू पाहत राहिलास. मी कौतुकाची वाट पाहत होतो म्हणून मला तो वेळ लांबलेला आठवतो. शबाना दारात उभी होती, ती काहीतरी बोलायला आली आणि तू हात थोडा वर केलास. मला वाटलं, कौतुकाच्या भाषणाआधी मंडळींना शांत बसा म्हणतोय.

"बरं केलं," तू म्हणालास. मग म्हणालास, "इंजिन चांगलं धुतलं."

पुढचं लिहायला हात चालत नाही, पण कबूल केलंय थाप मारणार नाही. तुझ्या पलंगासमोरच्या भिंतीत खिळा मी ठोकला. स्वतः स्टुलावर चढून. तुला विचारलं, सरळ आहे का? तू म्हणालास, जरा डावीकडे. चौदा महिने तू सकाळी उठल्यावर आणि झोपताना ती रिकामी खिडकी पाहिलीस. आणि दर गुरुवारी मी तिच्याखाली बसून तुझ्याच घरचा चहा पीत विचारलं, काय मग, कसा दिसतो? दर गुरुवारी तू म्हणालास, चांगला दिसते.

तू बुधवारी गेलास. एक दिवस थांबला असतास तर मी येतच होतो. शबानाचा फोन आला, तेव्हा मी गुरुवारसाठी एक इंजिन रंगवत होतो. ते यावेळी मुद्दाम काळं ठेवलं होतं, तुला चकित करायला.

कब्रस्तानात डोक्यावर रुमाल पाहिजे म्हणून खिसे चाचपले, तर निघालं चष्मा पुसायचं फडकं. कॉम्प्युटरची काचही त्यानंच पुसतो. चार बोटांचं ते फडकं टाळूवर धरून मी उभा राहिलो, वाऱ्यानं उडू नये म्हणून एक हात डोक्यावर. तिघं-चौघं पाहून हसू दाबत होते. मला वाटलं, तूच कुठून तरी कोपर मारून त्यांना दाखवतोयस. तीन मुठी माती दुसऱ्या हातानं टाकली.

चाळिसाव्याला जेवणं झाल्यावर शबानानं मला आत बोलावलं. तिनं तो बिस्किटाचा डबा पुढं ठेवला. म्हणाली, अब्बानं मंग कधी सांगतलं का नाही माहीत नाही, पण तुमी पाहून घ्या. बटर पेपर उलगडला. भिंग दिलं. मी भिंग लावून खिडकीकडे पाहिलं आणि जुन्या सवयीनं म्हणालो, हा तो पेन्सिलीचा डाग.

"डाग नोहे, काका," शबाना म्हणाली. "दादी हाये."

मग ती सांगत गेली आणि मी भिंग खाली ठेवायचं विसरलो. तुझ्या आईला एकदा इंजिन आतून पाहायचं होतं. रोज काळा होऊन येणारा आपला नवरा दिवसभर कुठं उभा असतो, ते पाहायचं होतं. सणाचा दिवस, यार्डात धुतलेलं इंजिन उभं, साहेब कोणी नाही. तुझ्या अब्बांनी तिला हळूच वर चढवलं. खाली फोटोवाला आला तेव्हा तिला मागं सरक म्हणाले. ती सरकली, पण पुरती नाही. ओढणीचा एक पदर आणि खिडकीच्या चौकटीवरची बोटं तेवढी फोटोत आली. तू सहा वर्षांचा, फोटोवाल्याच्या मागं उभा राहून पाहत होतास. त्यानंतर वर्षभरात ती गेली. तिनं कधी फोटो काढू दिला नव्हता. हा एवढाच.

तुला तिचा चेहरा आठवत नव्हता, शबाना म्हणाली. ओढणीचा रंग आठवत होता. जांभळा. स्टुडिओत लागलास तेव्हा पहिल्या आठवड्यात तू हा फोटो घेऊन बसलास. इंजिनाला रंग लावून पाहिला, तो काळ्यावर चढला नाही. मग कुंचल्याचं टोक जिभेवर केलंस आणि खिडकीतल्या पदरावर फक्त एकदा टेकवलंस. तुझ्या हातानं रंगवलेली पहिली गोष्ट ती. त्या एका रंगाबद्दल तुला कोणाला विचारायला जावं लागलं नव्हतं.

मी जांभळा घालवला आणि हिरवा भरला.

मी विचारलं, त्यानं मला सांगितलं का नाही? देताना नाही तर नाही, ईदला तरी?

शबाना म्हणाली, "देताना म्हणे, पाहू, दिगूले दिसते का. त्यानं इचारलं तं सांगीन सगळं. अन् ईदच्या दिवशी मीच म्हटलं, सांगा ना काकाले. तं म्हणे, राहू दे. एवढ्या हौसेनं आणला त्यानं. सांगतलं तं त्याले जेवण जाणार नाही."

याकूब, साठ वर्षांनी तू दार उघडलं होतंस. मी फक्त विचारायचं होतं, हे काय रे? तीन शब्द. ज्या माणसाला तू आयुष्यभर विचारायला शिकवलंस, त्यानं तुझ्या दारात उभं राहून स्वतःच उत्तर दिलं, पेन्सिल. आणि तू नवरदेवाच्या ओठांवर घातलंस तसं यावरही पांघरूण घातलंस. त्या दिवशी मी तुझ्याकडे शिरखुर्मा दोन वाट्या खाल्ला होता. मला चांगलं जेवण गेलं, हे तुला कळावं. तू ठरवलंस तसंच झालं.

माफी मागायला तुझ्या कबरीपाशी गेलो होतो. दोन वाक्यं बोललो आणि थांबलो. माफी तू चौदा महिने आधीच, मागायच्या आत, देऊन बसला होतास. आता त्या माफीचं मी करू काय? रागावला असतास, फ्रेम माझ्या डोक्यात घातली असतीस, आठ दिवस बोलला नसतास, तर तेवढ्यात सगळं कळलं असतं आणि आठव्या दिवशी मी तिला परत खिडकीत बसवलं असतं. तुझ्या डोळ्यांसमोर. तुझ्या चांगुलपणाचा मला पहिल्यांदाच राग येतोय, आणि तोही सांगायला तूच पाहिजेस.

शबानानं डब्यातून आणखी दोन वस्तू काढून दिल्या. तुझा बारीक कुंचला आणि रंगाची वही. वहीतली गुलाबी, हिरवी, पिवळी पानं फाटून फाटून दोऱ्याला लटकलेली. जांभळं पान जवळजवळ आख्खं. जांभळं कोणी मागायचंच नाही, ती म्हणाली. मग म्हणाली, भिंतीवरचा तो फोटो मी नाही उतरवणार, काका. तुमी ठोकला, तुमीच उतरवा.

ओरिजिनल तिच्याकडेच ठेवून मी त्याची नवी स्कॅन काढून आणली. यावेळी काही साफ केलं नाही. चिरा, पिवळेपणा, कोपऱ्याचा मोड, सगळं तसंच. मोठी प्रिंट काळीपांढरी काढली. इंजिनाला हात लावला नाही. यावरून मी हरलो असं समजू नकोस. काही हिरवी होती, हे माझं म्हणणं कायम आहे. अब्बांच्या गळ्यातल्या रुमालाचा रंग शबानाला विचारला. तिला माहीत नव्हता. सोडून दिला.

काल बुधवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर प्रिंट ठेवली. बशीत पाणी घेतलं. जांभळ्या पानाचा नखाएवढा तुकडा फाडून त्यात सोडला. पाणी हळूहळू फिरलं. कुंचला बुडवला आणि फडक्यावर टोक करून पाहिलं. नाही होत. तुझं बरोबर होतं. तीनदा केलं, तीनदा केस फाकले. मग जिभेवर केलं. कडू लागतं रे ते. इतकी वर्षं तू हे कसं चाखलंस? दुसऱ्या हातानं मनगट घट्ट धरलं, आणि खिडकीतल्या पदरावर ते टोक एकदा टेकवलं. दुसऱ्यांदा टेकवायचा मोह झाला. टेकवला नाही.

ती खिडकीत आली.

आज गुरुवार आहे. फ्रेम पिशवीत भरली आहे, दुपारची गाडी धरतो. खिळा तोच ठेवीन. सरळ आहे का हे विचारायला शबाना असेल.

काल ते झाल्यावर मी तसाच बसून होतो. कुसुम भाजी निवडायला टेबलापाशी आली. माझ्याशी काहीतरी बोलली, मी उत्तर दिलं, तर थांबून माझ्या तोंडाकडे पाहायला लागली.

"या दिवसांत जांभळं कुठं मिळाली तुम्हाला?"

मी तोंड मिटलं. उठून आरशापुढं गेलो, दार लोटलं आणि म्हणालो, "दाखव."